सरांच्या आवाजातले धडे

कॉलेजात माझी ओळख एकच, नकल्या. एसटीचा कंडक्टर, लिलावात मच्छीची बोली ओरडणारा, आमचे प्रिन्सिपल, सांगाल तो माणूस मी करून दाखवायचो. पण सगळ्यात जास्त मागणी केमिस्ट्रीच्या सरांना. त्यांच्या दाढेखाली कायम सुपारीचं खांड. त्यामुळे एका गालातून बोलणं, आणि दर दोन वाक्यांमागे, "समजलं? नाही समजलं. बघा."

एकदा लॅबमध्ये मी हे रंगात येऊन करत होतो आणि समोरची पोरं अचानक गप्प झाली. मागे सर उभे. आता गालावर बसणार म्हणून मी मान खाली घातली, तर सर म्हणाले, "परत कर." मी परत केलं. सरांनी डोळे मिटून ऐकलं आणि तास सुटल्यावर भेट म्हणाले.

भानगड अशी होती की वरून हुकूम आलेला, शिक्षकांनी आपले धडे इंटरनेटवर टाकायचे. कॉलेजने एक ईमेलचा ग्रुप काढलेला. त्यात आमची पोरं होती, जामसंड्याकडची होती, आणि आचऱ्याची ती पोरं, जी होडीवर जावं लागलं की आठवडा आठवडा वर्गात दिसायची नाहीत. सायबर कॅफेत जायचं, धडा मेमरी कार्डवर उतरवून घ्यायचा, आणि मग एसटीत ब्लूटूथवरून सगळ्यांना वाटायचा. सरांनी मोबाइलसमोर बसून एक धडा रेकॉर्ड केलाही होता. मी ऐकला. शोकसभा वाटली. वर्गात एवढा खेळता माणूस, पण समोर पोरं नसली की त्याचा आवाजच बसायचा. शिवाय त्यांना मेल पाठवता येत नव्हता. माउस हातात धरायचे तो जिवंत उंदीर असल्यासारखा.

"माझ्या आवाजात तू कर," सर म्हणाले. मी हसलो. तेव्हा त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि मालवणीत आले. "वरचे पावणे हे धडे बघूक येतले ना, त्या दिवशी तुका स्टेजवर बोलवन सगळ्यांसमोर सांगतलंय, ह्यो आवाज हेचो. मगे कोण तुका माकड म्हणाचो नाय."

सर कॉलेजात कायम पुस्तकातलं मराठी बोलायचे. मालवणीत आले म्हणजे माणूस घरातला झाला, असं मी धरलं.

घरी माझं दुसरंच चाललेलं. आदल्या वर्षी मी केमिस्ट्रीतच आपटलेलो. मामाने गोव्यात एका हॉटेलात माझ्यासाठी जागा बघून ठेवली होती. फोनवर फोन, भाच्याक धाडतंस की नाय. आई मासे विकते, तिला वाटायचं मी शिकावं, पण मामाला सांगणार काय? मुलगा नकला करतो? सरांचा शब्द मी तिला सांगितला. तिने हातातली टोपली खाली ठेवली. मग म्हणाली, "सर सगळ्यांसमोर सांगतले ना, तर मी मामाक सांगतंय, माझो झील शिकता हा म्हणान."

म्हणजे त्या एका वाक्यावर माझं गोव्याला जाणं अडकलेलं.

मग मी कामाला लागलो. सरांच्या आवाजात शिकवायचं तर आधी धडा आपल्याला कळायला हवा, ही गोची माझ्या नंतर लक्षात आली. आदल्या वर्षी जे डोक्यावरून गेलेलं ते मी चार चार वेळा वाचायला लागलो. फाइल मोठी झाली की मेल जायचा नाही, म्हणून एका धड्याचे तुकडे करायचे. दाढेत सुपारी धरायची, मोबाइल पाटावर ठेवायचा आणि सुरू. मेल पाठवायचा सरांच्याच नावाने. तो पत्ता मीच उघडून दिलेला.

एकदा वाटलं, नुसतं काय शिकवायचं, गाऱ्हाणं घालूया. देवळात गुरव घालतो तसं, पण सरांच्या आवाजात. "बा देवा म्हाराजा, ह्यो जो सोडियम आसा, तेच्याकडे एक इलेक्ट्रॉन जास्तीचो झालो हा रे म्हाराजा. आणि ह्यो जो क्लोरीन आसा, तेका एक कमी पडता हा रे म्हाराजा. तर दोघांचा जुळवन दी आणि तेंचा मीठ कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मागून आवाज आला.

आई. मागे बांगडे साफ करत होती. आमच्याकडे गाऱ्हाणं कानावर पडलं की माणूस हातातलं काम न सोडता व्हय म्हाराजा म्हणतो. ती सोडियमलाही म्हणाली. मी रेकॉर्डिंग पुसणार होतो, पण परत ऐकलं आणि हसू आवरेना. तसंच पाठवून दिलं. तो धडा सगळ्यात जास्त फिरला. एसटीत कोणीतरी लावायचा आणि मागच्या बाकांवरून पोरं व्हय म्हाराजा ओरडायची. सर एवढंच म्हणाले, "बरो झालो."

पाहुणे आले त्या दिवशी बाजार होता. आईने टोपली शेजारणीच्या हवाली केली, लग्नातलं लुगडं नेसली आणि हॉलमध्ये शेवटच्या रांगेत येऊन बसली. मी पुढे, स्टेजच्या पायऱ्यांजवळ, लगेच चढता यावं म्हणून. केसांना पाणी लावलेलं.

सरांनी स्पीकरवर नेमका गाऱ्हाण्याचा धडा लावला. म्हाराजा आल्याबरोबर सगळा हॉल व्हय म्हाराजा म्हणाला. पाहुण्यांमधल्या मोठ्या बाई हसून हसून लाल झाल्या. त्यांनी विचारलं, ही कल्पना सुचली कशी?

सर शुद्ध मराठीत बोलायला लागले तेव्हाच मी पायरीवरचा पाय मागे घेतला. म्हणाले, ग्रामीण विद्यार्थ्यांना आपल्या बोलीतून विज्ञान समजावे, अशी त्यांची फार दिवसांची इच्छा होती. कॉलेज सांभाळून घरी बसून त्यांनी हे धडे ध्वनिमुद्रित केले म्हणे.

"आणि त्या मागे बोलतात त्या कोण?" बाईंनी विचारलं.

सरांनी सुपारी गालात फिरवली. माझ्याकडे नाही बघितलं. "आमच्या मिसेस," ते म्हणाले.

टाळ्या पडल्या. मी उठून त्यांच्याच आवाजात बोलू शकलो असतो. समजलं? नाही समजलं. बघा. हॉलमधल्या निम्म्या पोरांना खरं काय ते माहीत होतं, ती माझ्या तोंडाकडेच बघत होती. तोंड उघडलं, पण आतून सरही आले नाहीत आणि मीही आलो नाही. मागे वळलो तर आई पदर सारखा करून दरवाजातून बाहेर पडत होती.

मी तिला बाजारात जाऊन गाठलं. त्याच लुगड्यात ती सुरमई कापत होती. वर न बघता म्हणाली, "माजो आवाज त्येंच्या बायलेचो कधी झालो रे?"

मी म्हटलं, सर विसरले असतील. हे बोलताना मलाच माझी लाज वाटली. संध्याकाळी मामाचा फोन आला. मी तिच्याजवळच बसलो होतो. "येता तो," एवढंच बोलून तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला लॅबमध्ये बोलावलं. वाटलं, निदान काहीतरी सांगतील. त्यांनी विचारलं, पुढचा धडा कधी पाठवतोस? मी दाराकडे वळलो. तसे परत मालवणीत आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अरे, इतक्या काय मनार घेतंस? आवाज माझोच मां?"

आवाज त्यांचाच होता. सुपारीही त्यांचीच. पण सोडियमचं गाऱ्हाणं त्यांनी उभ्या जन्मात घातलं नव्हतं, आणि व्हय म्हाराजा म्हणणारी बाई माझ्या घरात मासे साफ करत होती.

धडा मी सरांच्याच पत्त्यावरून पाठवला. माझ्या आवाजात. सुपारी नाही, म्हाराजा नाही. सुरुवातीला माझं नाव सांगितलं, कुठे राहतो ते सांगितलं, आधीचे धडेही माझेच हे सांगितलं आणि मग जसं मला कळलेलं तसं शिकवलं. सायबर कॅफेत बसून उत्तरांची वाट बघितली. पहिलं उत्तर जामसंड्याच्या एका मुलीचं, हा कोण, सर आजारी आहेत का? मग आचऱ्याच्या एका पोराचं, फालतूपणा बंद कर, परीक्षा जवळ आली आहे, सरांचा धडा टाक.

त्यानंतर सरांच्या पत्त्यावरून एक मेल आला. त्या पत्त्यावरून मी न लिहिलेला तो पहिलाच. अक्षरं कुठली कुठे असतात ते मीच त्यांना बोट धरून दाखवलेलं, आणि टाइप एकदम व्यवस्थित केलेलं, एक चूक नाही.

"तांत्रिक अडचणीमुळे चुकीची फाइल आली आहे. कृपया दुर्लक्ष करावे."

खाली ग्रुपवरच्या सगळ्यांचे आभार. मी तो मेल वाचून बंद केला. जूनमध्ये गोव्याला गेलो.