उसना लांगरी

लांगरीमामांना बसून जेवताना पाहिलेला माणूस आमच्या जुळे सोलापुरात तरी नव्हता. लग्न असो, बारसं असो, सत्यनारायण असो, मामा कायम उभे. हातात पळी, खांद्यावर पंचा, आणि नजर पंगतीवरून फिरती. कुणी कितीही आग्रह केला तरी उत्तर ठरलेलं, "पंगत उठल्याबिगर लांगरी बसत न्हाय." स्वतःच्या मुलीच्या लग्नात ते डोक्याला नवा फेटा बांधून मठ्ठा वाढत फिरत होते. व्याह्यांच्या गावाकडच्या एका पाहुण्यानं त्यांना आचारी समजून वर पन्नास रुपये बक्षीस दिले. मामांनी ते खिशात घातले आणि त्याला आणखी एक ग्लास मठ्ठा दिला.

फौजेत स्वयंपाक्याला लांगरी म्हणतात. मामा मंगळवेढ्याकडचे, काळ्या रानातले, ज्वारीवर वाढलेले. विशीच्या आत फौजेत भरती झाले आणि उभं आयुष्य गव्हाच्या रोट्या लाटण्यात घालवून परत आले. पुढं आमच्या समोरच्या बैठ्या घरात राहायला आले तेव्हा सगळी कॉलनी त्यांना लांगरीमामाच म्हणू लागली. नाव होतं नामदेव, पण ते फक्त लाइट बिलावर दिसायचं.

त्यांच्याही लक्षात कुणाचं नाव राहत नसे. माणूस लक्षात राहायचा तो जेवण्यावरून. खालच्या मजल्यावरचे बँकेचे साहेब म्हणजे "आमटीत आधी मीठ, मग चव बघनारं". शेजारच्या मास्तरीणबाई म्हणजे "ताटात कडंची भाजी शेवटाला खानाऱ्या". मी वकिली करते, त्यामुळं तोंडावर मला वकीलबाई म्हणायचे. पण मामीशी बोलताना माझा उल्लेख "भाकरीचा पापुद्रा आधी काढनारी" असा होतो, हे मला बरंच नंतर कळलं. मला रागही आला. मग पुढच्या वेळी भाकरी खाताना बघितलं, तर बोटं आपोआप पापुद्र्याकडंच गेली होती.

कोर्टातून मी संध्याकाळी चिडून येते. सगळेच वकील तसे येतात, फक्त मी ते लपवत नाही. मामा फाटकाशी उभे असायचे. "हरलाव का जिकलाव?" असं त्यांनी कधी विचारलं नाही. विचारायचे, "दुपारी जेवलाव का?" जेवले नसले की वाटीभर काहीतरी यायचंच. त्या माणसाला जगात एकच प्रश्न पडायचा आणि तो पडला की उत्तर मिळेपर्यंत चैन नसायचं.

म्हणून एका रविवारी ते माझ्याकडं आले आणि मी जेवले का हे न विचारताच खुर्चीत बसले, तेव्हाच मला वाटलं की काहीतरी बिनसलंय. त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून फौजेतून सुटताना मिळालेलं नोकरीच्या नोंदींचं पुस्तक काढलं आणि माझ्यापुढं ठेवलं.

"वकीलबाई, ह्यात मी लढाईत न्हाय."

"मग?"

"मी हुतो की."

गोष्ट अशी होती. एकाहत्तरची लढाई सुरू व्हायच्या जरा आधी शेजारच्या पलटणीचा लांगरी आजारी पडला. त्यांच्या सुभेदारानं आमच्या मामांच्या सुभेदाराला सांगितलं, तुमचा एक पोरगा द्या थोडे दिवस. शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तसे मामा उसने दिले गेले. साखर आणताना कुणी पावती करत नाही, इथंही झाली नाही. एवढ्यात लढाई पेटली. मामांची स्वतःची पलटण राहिली मागं आणि उसने गेलेले मामा पोचले थेट पुढच्या खंदकात. लढाई संपल्यावर दुसऱ्या पलटणीनं त्यांना साखरेच्या वाटीसारखंच परत पाठवलं. कागदावर मामा त्या सगळ्या काळात मागच्या तळावर बटाटे सोलत होते. लढाईची नोंद नाही, पदक नाही.

"पन्नास वर्षं गप्प बसलात आणि आता आठवण झाली?" मी म्हणाले. माझा आवाज तसाच आहे, काय करणार.

"मला कशाला पायजे हुतं मेडल? कढईत घालू?" मामा म्हणाले. "मोडनिंबच्या आक्कासाठी पायजे."

मग त्यांनी मला शिवा सांगितला. त्या उसन्या पलटणीत मोडनिंबचा एक जवान होता. आपल्या भाषेचा तो एकटाच, त्यामुळं दोघांचं लगेच जमलं. एका दिवशी पुढच्या खंदकात चूल पेटवायला मनाई झाली, कारण धूर दिसला की तोफेचा गोळा यायचा. रसद अडकलेली, पोरं सकाळपासून उपाशी. मामांच्या ट्रंकेत आईनं सुट्टीहून परत जाताना दिलेला शेंगापोळ्यांचा डबा होता. शेंगदाण्याचा कूट आणि गूळ भरलेली आपली सोलापुरी पोळी, महिनाभर ठेवली तरी बिघडत नाही. मामा तो डबा घेऊन खंदकातून सरपटत गेले आणि ज्याला त्याला देत सुटले. शिवानं दोन खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी शिवा गेला.

लढाईनंतर मामा सुट्टीवर आले ते आधी मोडनिंबला गेले. शिवाच्या आईनं अन्न जवळजवळ सोडलं होतं. पोराला वीरमरण आलं, असं सगळे तिला सांगत होते, पण तिचं एकच चाललं होतं, माझं लेकरू उपाशी गेलं असंल. मामांनी तिला सांगितलं, "न्हाय आई, जेवून गेला. माज्या हातानं वाढलंय. गूळ-शेंगाची पोळी खाल्लीया." म्हातारी पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिली, मामा पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिले. त्या संध्याकाळी ती जेवली. पुढं दरवर्षी मामा शेंगापोळ्या घेऊन मोडनिंबला जायचे. म्हातारी गेली तरी शिवाची थोरली बहीण, आक्का, भाऊबिजेला मामांना ओवाळायची आणि पुढ्यात ताट ठेवायची. मामा ते ताट तिथंही सगळ्यांच्या मागून, स्वयंपाकघराच्या दारात उभ्यानंच संपवायचे.

अलीकडं गावानं शिवाच्या नावानं कमान उभारायचं ठरवलं. आक्कांचा मुलगा धडपड्या. व्यासपीठावर मामांची ओळख करून द्यायची म्हणून त्यानं मामांचं पुस्तक मागून घेतलं. त्यात बघतो तर लढाईच्या काळात मामा मागच्या तळावर. त्यानं ते घरात सांगितलं. त्यात त्याची तरी काय चूक? आक्कांनी ते ऐकून घेतलं. पुढच्या भाऊबिजेला मामा गेले, तेव्हा आक्कांनी एवढंच विचारलं, "नामा, माज्या आईला तू खोटं सांगितलंस व्हय?"

"मग?" मी विचारलं.

"च्या दिला," मामा म्हणाले. "ताट न्हाय वाढलं."

त्या माणसाला याहून मोठी शिक्षा जगात नव्हती. मी पुस्तक उचललं आणि त्याच दिवशी अर्जाला बसले.

अर्ज लिहिणं हा माझा रोजचा धंदा, पण त्या अर्जानं माझा जीव घेतला. "तुम्हाला तिथं पाहिलेला एखादा अधिकारी सांगा. नाव सांगा," मी म्हणायची.

"नाव न्हाय ठावं. पर एक कप्तान हुता, रोटीवरचा काळा डाग नखानं खरवडून मगच खायाचा."

"मामा, सरकारला नखं चालत नाहीत, नाव लागतं."

"दुसरा एक हुता, तो कांदा दिसला की उठून जायाचा."

"तो असा उठून कुठं गेला, ते सांगा ना आता."

असे आम्ही कित्येक रविवार भांडलो. शेवटी अर्ज गेला आणि काही महिन्यांनी रेकॉर्ड ऑफिसचं उत्तर आलं, उपलब्ध कागदपत्रांनुसार नोंद बदलता येत नाही. त्या वेळच्या अधिकाऱ्याचं प्रतिज्ञापत्र असल्यास विचार होईल. त्या संध्याकाळी त्यांच्याकडून आलेल्या आमटीत मीठच नव्हतं. मी तशीच खाल्ली.

त्या दुसऱ्या पलटणीच्या निवृत्त लोकांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, एवढं मला शोधाशोध करताना कळलं. त्यात मी एका ओळखीच्या मेजरांमार्फत निरोप टाकला. इतकी वर्षं वकिली करून मला असा मजकूर लिहावा लागेल असं वाटलं नव्हतं. लिहिलं होतं, एकाहत्तरच्या लढाईत तुमच्यात असलेला, रोटीवरचा काळा डाग नखानं खरवडणारा कॅप्टन आम्हाला हवा आहे. ग्रुपवर म्हणे बराच वेळ नुसती चेष्टा चालली. मग डेहराडूनहून उत्तर आलं, "तो मीच. बायको अजून बोलते त्यावरून."

मामांना समोर बसवून मी फोन लावला. पलीकडं ऐंशीच्या घरातला आवाज. मी सगळं सांगायला सुरुवात केली, तर त्यांनी मला मधेच थांबवलं. "वो लांगरी? जिसके पास मीठी रोटी का डिब्बा था?"

मी फोन स्पीकरवर टाकला. मामा उठून ताठ उभे राहिले, साहेबांना काही दिसत नसताना. "जी साब."

"अरे, उसके बाद कितने शहरों में ढूँढी वो रोटी. किसी को नाम ही नहीं पता था."

"शेंगापोळी, साब." मग मामांनी विचारलं, "साब, अब भी खुरचते हो?"

दोघंही हसले. मीच शेवटी कागदाचं काढलं.

साहेबांचं प्रतिज्ञापत्र आलं. त्यात त्यांनी त्या दिवसाची सगळी हकीकत लिहिली होती, आणि त्यांच्या त्या सरकारी इंग्रजीत गोड पोळीलाही जागा मिळाली होती. नंतर मी पत्रांवर पत्रं पाठवली, फोनवर दोन-तीन बाबूंना माझा कोर्टातला आवाज ऐकवला. वर्ष उलटून गेल्यावर एक दिवस पुस्तक परत आलं. नवीन नोंद, शिक्का, सही. मामांनी ती ओळ माझ्याकडून वाचून घेतली, मग पुन्हा एकदा वाचून घेतली, आणि म्हणाले, "उद्या मोडनिंबला चला. सुट्टी काढा."

मी सुट्टी काढली. मामींनी शेंगापोळ्यांचा डबा दिला. हायवेवरून उतरलं की नवी कमान लागते, शिवाचं नाव लिहिलेली. मामांनी गाडीतूनच तिला हात जोडले.

आक्का ओट्यावर बसून तूर निवडत होत्या. त्यांच्या मुलानं पुस्तक हातात घेतलं, ती ओळ मोठ्यानं वाचली आणि मान खाली घालून म्हणाला, "मामा, चुकलं माजं." आक्कांनी पुस्तकाकडं बघितलंसुद्धा नाही. त्या मामांकडं बघत होत्या.

"किती खाल्ल्या हुत्या म्हनालास?"

"दोन," मामा म्हणाले. मग जरा वेळानं, "तिसरी दिली हुती. म्हनला, ऱ्हाऊ दे, सकाळी खातो. खिशात ठेवली." एवढी वर्षं ही तिसरी पोळी त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. शिवाच्या आईला तर नाहीच.

आक्का उठून आत गेल्या. बाहेर आल्या त्या एकच ताट घेऊन. भाकरी, शेंगाची चटणी, हुलग्याचं माडगं. त्यांनी पाट मांडला.

"बस."

"आक्का, आदी सगळ्यांचं हुंदे की. पंगत..."

"सगळ्यांचं झालंय," आक्का म्हणाल्या. "आईचं बी झालं. तुजंच तेवढं ऱ्हायलंय."

आणि मामा बसले. मांडी घालून, नीट. मी त्यांना बसून जेवताना पहिल्यांदा पाहिलं. घास मोठे घेत होते. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात रिकामा नव्हता, म्हणून ते तसंच वाहू दिलं. आणखी एक भाकरी मात्र त्यांनी स्वतःहून मागितली. मी कारण नसताना गाडीपाशी जाऊन आले.

पदक पुढं पोस्टानं आलं. स्वातंत्र्यदिनाला ते छातीवर लावून मामा झेंड्याला सलाम करून आले आणि तसेच कॉलनीची जिलेबी तळायला बसले. पदक तेलात पडंल म्हणून मामी ओरडत होत्या. मामा म्हणाले, "पडू दे की. तळून निगंल." जिलेबी घेऊन झेंड्यापाशी जो तो उभा असताना मामा पळी घेऊन सगळ्यांमध्ये फिरत होते, नेहमीसारखेच.

गेल्या हिवाळ्यात मामा गेले. पहाटे झोपेतच. आजार नाही, त्रास नाही. अंत्यविधी उरकून लोक स्मशानातून परत आले. आमच्याकडं अशा घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. जवळचे सोयरे भाकरी-पिठलं घेऊन येतात आणि घरच्यांना चार घास खायला लावतात. कडू घास म्हणतात त्याला. आम्ही कॉलनीतल्या बायका ते कुणी करायचं हे ठरवत होतो, तेवढ्यात रिक्षातून आक्का उतरल्या. इतक्या वयात, एसटीनं, काखेत भाकऱ्यांचं गाठोडं आणि मुलाच्या हातात पिठल्याचं पातेलं. सोयऱ्यांचा मान कुणाचा, हा प्रश्न तिथंच मिटला.

त्या मामींपाशी बसल्या. खूप वेळ त्यांचा हात हातात धरून होत्या. मग विचारलं, "रातीला जेवला हुता का गं?"

"जेवले की," मामी म्हणाल्या. "दुधात भाकरी कुसकरून. माजं जेवान हुस्तवर थांबले, मग खाल्ली."

"पोटभर?"

"पोटभर."

आक्कांनी मान हलवली. गाठोडं सोडलं, मामींच्या हातात भाकरी दिली, मामांच्या मुलीला दिली, जावयाला दिली, मलाही दिली. मी पापुद्रा काढला. आम्ही सगळे खाली बसलो होतो. मी म्हणाले, "आक्का, तुम्ही पण घ्या ना."

आक्का पातेल्याशी पळी घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "तुमचं सगळ्यांचं हुंदे आदी."