काळी खिडकी आणि शेंगा

भडगावच्या बसस्टँडसमोर ऑनलाइन फॉर्म भरून देणारं एक दुकान आहे. ते चालवणाऱ्या बाईंचं नाव मी कधी विचारलं नाही. आमच्या घरातला मोबाइल सगळ्यांच्या हातात फिरतो आणि सासूबाईंना कळलं की गावभर झालंच. म्हणून छातीतल्या गाठीचा रिपोर्ट मेलवर आला, तेव्हा मी तिथे गेले. "खाजगी आहे," एवढंच म्हणाले.

त्यांनी कॉम्प्युटरवर, काय बघितलं याची नोंद न ठेवणारी इंटरनेटची काळी खिडकी उघडून दिली, स्वतःची खुर्ची भिंतीकडे वळवली आणि भुईमुगाच्या शेंगा सोलायला घेतल्या. आपण बघत नाही हे मला कळावं म्हणून टरफलं मुद्दाम कडाकडा मोडत होत्या.

गाठ साधी निघाली. मी रिपोर्ट कॉम्प्युटरवर उतरवून घेतला, प्रिंट काढली, खिडकी बंद केली आणि निर्धास्त उठले.

"थांबा ताई. खिडकी बंद केली म्हणजे बठ्ठं, सगळंच गेलं असं नाही. काय बघितलं ते हा कॉम्प्युटर विसरतो, पण उतरवलेली फाइल इथंच शे. आणि ज्यांच्या साइटवर गेल्या, त्यांना तर दिसतंच."

मग त्यांनी मलाच ती फाइल पुसायला लावली, कॉम्प्युटरमधली कचऱ्याची टोपलीसुद्धा रिकामी करायला लावली.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या दुकानवाल्या बाई नेमक्या आमच्याच घरी आल्या. मी लाडवांचं ताट घेऊन खाली मान घालून पुढे झाले.

"ही आमची सून," सासूबाई म्हणाल्या.

पहिल्यांदाच भेटत असल्यासारखं त्यांनी मला नीट निरखून बघितलं. "माहेर कुठलं तुमचं, सूनबाई?"

"दोंडाईचा," म्हटलं, आणि त्यांच्या हातावर तिळाचे दोन लाडू जास्तीचे ठेवले.