बामच्या डबीतला खोकला

इथले भुताखेतांचे अनुभव मी वाचायला घेते आणि अर्ध्यावर सोडून देते. पांढरी साडी, उलटे पाय... शी! मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली बाई. आवाज आला म्हणजे कुठेतरी करंट आहे, एवढंच मी मानत आले. आजही मानते. म्हणून तर हे लिहायला इतकी वर्षं लागली.

सत्याऐंशी साल. वाशीला आम्ही नवीनच राहायला आलो होतो आणि मला पावण्याला एका छोट्या वर्कशॉपमध्ये टेस्टिंगची नोकरी लागली होती. पत्र्याचा गाळा, सहा बायका आणि एक साहेब. परदेशातले हौशी लोक घरात रूळ मांडून खेळण्याएवढ्या आगगाड्या चालवतात ना, त्यांची वीतभर पितळी इंजिनं आमच्याकडे यायची. आम्ही त्यांत आवाज बसवायचो. बोटभर सर्किट आणि रुपयाएवढा स्पीकर. सर्किट फक्त 'स्स्स्' असा सलग आवाज काढायचं, चाक फिरलं की तो तुटत तुटत 'छुक-छुक' व्हायचा. वर एक शिट्टी. बस्स. टेप नाही, रेकॉर्डिंग नाही... हे लक्षात ठेवा.

स्पीकरला मागून बंद डबी लागते, नाहीतर आवाज चिरका येतो. तशी डबी बाजारात मिळेना. तेव्हा आमच्यातल्या हिराबाईंनी शोधून काढलं, की बामची छोटी पत्र्याची डबी स्पीकरला नेमकी बसते. झालं! साहेबांनी फर्मान काढलं – सगळ्यांनी घरून, शेजारून रिकाम्या डब्या आणायच्या. कडेला चिकटलेला पिवळा बाम, त्यात केस, एकीत तर नखाचा तुकडा! साबणाच्या पाण्यात त्या स्टोव्हवर उकळल्या की गाळाभर आजारी माणसाच्या उशीसारखा वास सुटायचा. मला मुळात किळस फार. घरचे चिडवतात, की ही पाणीसुद्धा धुऊन पिईल.

हिराबाई पावणे गावातल्याच, चाळिशी ओलांडलेल्या. शेती गेली म्हणून कामावर येत होत्या. सोल्डरिंगला, तारांचे जोड द्यायला, त्यांच्यासारखा हात मी नंतर कुठे पाहिला नाही. पण त्यांचा खोकला... ओला, खोल, शेवटी घशात काहीतरी घोळवणारा. मग उठून दारापर्यंत जायचं आणि बाहेर थुंकायचं. माझ्या टेबलासमोरच त्या बसायच्या. मला डबा खाववेना.

शेवटी मी साहेबांना सांगितलं, "टीबी असणार. सगळ्यांना लागेल." हिराबाईंनी डॉक्टरचा कागद आणून दाखवला – छाती साफ आहे, सोल्डरच्या धुराचा त्रास आहे. मी म्हटलं, असले कागद काय, कोणीही देतं.

त्या शनिवारी पार्सलमधलं शेवटचं इंजिन राहिलं होतं आणि डब्या संपल्या. हिराबाईंनी कमरेची स्वतःची डबी काढली, उरलेला बाम बोटाने निपटून गळ्याला चोळला, डबी पदराला पुसली आणि बसवली. ना उकळली, ना धुतली! मी तोंड फिरवलं. टेस्टिंग सोमवारवर गेलं. संध्याकाळी साहेबांनी हिराबाईंना सांगितलं, सोमवारपासून येऊ नका.

सोमवारी सकाळी ते इंजिन मी टेस्टच्या रुळावर ठेवलं. छुक-छुक नीट आली. मग शिट्टीचं बटण दाबलं, आणि इंजिन खोकलं.

तोच ओला खोकला. तोच घोळ. मग जरा वेळ शांतता, माणसाला खुर्चीपासून दारापर्यंत जायला लागतो तेवढीच. आणि मग... थू. गाळ्यातल्या सगळ्या बायकांनी एकदम दाराकडे बघितलं. दारात कोणी नव्हतं.

मी दुसरं सर्किट लावून पाहिलं, पुन्हा पहिलंच बसवलं, स्पीकर बदलला; दुसरी डबी तर नव्हतीच. तरी खोकला. रुळाच्या करंटच्या तारा काढल्या, हातात नुसतं इंजिन उरलं, तरी एकदा खोकलं. डबी उघडली तर आतला नवाकोरा स्पीकर ओला होता. चिकट. मी नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले, तरी जेवताना चमच्यानेच जेवले.

"हिराबाईने काय करून ठेवलंय, तिलाच विचारून या," साहेब म्हणाले. दुपारी इंजिन वर्तमानपत्रात गुंडाळून मी गावात गेले. हिराबाई ओट्यावर कोलंबी सोलत बसल्या होत्या. मी नाकाला पदर लावून उभी. अर्धा तास झाला, पण बाई एकदाही खोकली नाही.

"खोकला बरा झाला वाटतं?" मी विचारलं.

"ज्या दिशी तू मना घालवलीस ना, त्याच दिशी गेला."

मी इंजिन ओट्यावर ठेवलं, सोबत आणलेली बॅटरी जोडली. ते खोकलं. हिराबाईंचे हात थांबले. घाबरल्या नाहीत. ओळखीचं कोणी दारात आल्यावर बघतो तसं त्यांनी इंजिनाकडे बघितलं.

"माजाच हाय," त्या म्हणाल्या.

"मग डबी परत घ्या! मला शिसारी येते याची."

"नाय गो बाय, मी कशाला घेऊ? पंखा तूच फिरवून घेतलास ना तुज्या पाठी? सगला धूर माज्या तोंडावरनं जायचा. तूच ठेव त्यो."

खरं होतं. गाळ्यात एकच एक्झॉस्टचा पंखा होता आणि पहिल्याच आठवड्यात, मला वास सहन होत नाही म्हणून, तो मी माझ्या पाठीमागे, हवा आत येईल असा उलटा लावून घेतला होता. धूर कुठून जाईल, हा विचार माझ्या डोक्यात कधी आलाच नाही.

निघताना त्या म्हणाल्या, "साहेबाला सांग, मना परत घ्या. घरात पोरी हायत. माजा हात कसा हाय तो तुला ठाव हाय." मी म्हटलं, सांगते.

गाळ्यावर आले तर साहेब रिजेक्टचं रजिस्टर उघडून बसलेले. इंजिन का नापास झालं, ते पार्टीला कळवायचं होतं. काय लिहिणार? इंजिन खोकतं? माझी नोकरी नवीन, डिप्लोमाची ऐट... मी पेन घेतलं आणि लिहिलं – 'सदोष सोल्डरिंग. कारागीर : हिराबाई.'

साहेबांनी वाचलं. "बरं झालं काढली तिला. आता पाया पडली तरी घेणार नाही." मी मान डोलावली. त्या क्षणाची मला जितकी घाण वाटते, तितकी त्या ओल्या स्पीकरचीही कधी वाटली नाही.

टाकून द्या म्हणून साहेबांनी इंजिन माझ्याच हातात दिलं. मला ते टाकवलं नाही. आज ते आमच्या माळ्यावर आहे. त्याला बॅटरी नाही, रूळ नाहीत. तरी मी स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट लावला, की वरून खोकला येतो. मग मधली शांतता. मग थू. मिस्टरांनाही ऐकू येतं, ते टीव्हीचा आवाज वाढवतात. मी गेली कित्येक वर्षं फोडणीच्या धुरातच स्वयंपाक करते.

इथे कोणी इलेक्ट्रॉनिक्सवालं असेल तर सांगा हे कसं होतं. मला अजून उत्तर सापडलेलं नाही. गेल्या महिन्यात धीर करून मी ते इंजिन खाली काढलं, भिंग लावून एकेक जोड तपासला. हिराबाईंनी केलेला एकही जोड सुटलेला नव्हता.