मंद्रूपच्या महानंदाताई

समोरच्याचं दुःख ऐकायला बसण्याआधी महानंदाताई एकच प्रश्न विचारायच्या, "जेवलात का?" पहिल्याच दिवशी मी खरं ते सांगून टाकलं, "नाही." मोबाईलच्या पडद्यावरच्या त्या गोल, सावळ्या चेहऱ्यानं हुकूम सोडला, "मग आधी ताट घेऊन या. उपाशी माणसाला आपलं दुःख दुप्पट दिसतंय." समुपदेशनाच्या पहिल्या भेटीत मी भाकरी आणि शेंगाचटणी खात बसले. पलीकडून आवाज आला, "दही घ्या की वर. कोरडंच काय खाताय?"

महानंदाताई समुपदेशक होत्या. राहायच्या मंद्रूपला आणि लोकांना भेटायच्या ऑनलाइन. मी सोलापुरातल्या एका हायस्कुलात गणित शिकवते. त्या वर्षी माझ्या छातीत सारखं धडधडायचं. फळ्याकडे तोंड केलं की डोळे भरून यायचे. डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, "हृदय ठणठणीत आहे. कुणाशी तरी बोला." घरात बोलायला यजमान होते, पण ते कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात. सकाळच्या गाडीनं जायचे आणि दिवेलागण उलटून गेल्यावर यायचे. आमचं बोलणं गॅस, किराणा आणि सासूबाईंच्या गोळ्या एवढ्यावर येऊन थांबलं होतं. मानसोपचाराच्या दवाखान्याची पायरी चढावी, तर कुणी पालक बघेल ही धास्ती. शेवटी शाळेतल्या मैत्रिणीनं ताईंचा नंबर दिला, "त्या कुणाचं नाव घरातसुद्धा सांगत नाहीत" म्हणाली, आणि मी गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून बोलायला लागले.

ताईंचं मराठी शिकल्यासवरल्या बाईचं होतं, पण रंगात आल्या की त्यात गाव उतरायचं. फोन त्या डाळीच्या डब्याला टेकवून ठेवायच्या. तो घसरायचा आणि मला नुसतं कपाळ आणि त्यावरची विभूती दिसायची. "अय्यो!" म्हणून त्या डबा सरळ करायच्या. मी रडत असले तरी हसू फुटायचं.

एकदा त्यांनी ठामपणे सांगितलं की माझा सगळा राग सासूबाईंवर आहे. मला ते मुळीच पटलं नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतःच विषय काढला. "मागच्या वेळी माझं चुकलं. तुमचं पुरतं ऐकायच्या आधीच मी बोलले." माझ्यापेक्षा वयानं मोठ्या माणसानं माझ्यापाशी चूक कबूल केल्याची मला दुसरी आठवण नाही. त्या दिवसापासून मी त्यांच्यापाशी काही लपवलं नाही.

म्हणूनच बॅग भरली तेव्हाही आधी त्यांना सांगितलं. रविवार होता. यजमान सासूबाईंना घेऊन नातेवाइकांकडे गेले होते आणि मी बार्शीला भावाकडे निघाले होते, परत न येण्याच्या बेतानं. वाटलं, ताई अडवतील. त्या म्हणाल्या, "जा की. पण तुम्हाला काय पाहिजे, ते त्यांना कधी सांगितलंत?"

"ते काय सांगायचं? त्यांना कळायला नको?"

"ओ बाई, तुम्ही गणित शिकवता नव्हं? फळ्यावर गणितच न लिहिता पोरांना उत्तर मागता का?"

मी बॅगेवरच बसून राहिले. संध्याकाळी यजमान आले तेव्हा मी तिथंच होते. म्हटलं, "तुम्ही घरी आल्यावर मला विचारत जा, दिवस कसा गेला म्हणून. मला फार एकटं वाटतंय. इतकं, की मी आज निघाले होते."

त्यांनी बॅगेकडे पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाले, "मला वाटायचं, मी आलो की तुझी चिडचिड वाढते. म्हणून गाडीतून उतरल्यावर मी स्टेशनवरच चहा पीत बसायचो. तासतासभर."

मी ज्या माणसाची घरी वाट बघत होते, तो मला त्रास नको म्हणून दोन मैलांवर बसून होता! मी आधी रडले आणि मग हसत सुटले. तेही हसले. बॅग त्यांनीच उपसली आणि माझ्या साड्यांच्या घड्या पार विस्कटून टाकल्या.

पुढच्या भेटीला ते माझ्याशेजारी बसले, इस्त्रीचा शर्ट घालून, मुलाखतीला बसावं तसे. ताईंनी विचारलं, "तुमचं काय म्हणणं?"

"माझं काहीच म्हणणं नाही."

"त्याचंच तर दुखणं हाय!" ताई म्हणाल्या. मग तिघंही इतकं हसलो की पलीकडे डबा पुन्हा घसरला.

चारपाच महिन्यांनी एके दिवशी त्या म्हणाल्या, "आज काय बोलायचं, ते तुम्हाला आठवून आठवून सांगावं लागतंय. म्हणजे माझं काम झालं." मी म्हटलं, "कधीतरी फोन केला तर?" त्या म्हणाल्या, "अडचण आली तर जरूर करा. पण माझी आठवण न येता दिवस गेले, तर मला जास्त बरं वाटंल."

त्या मला प्रत्यक्ष दिसल्या त्या थेट आमच्या सोलापुरात भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेत. मोठ्या पाळण्यातून एक बाई नवऱ्याची बाही घट्ट धरून, डोळे मिटून ओरडत होती. आवाज ओळखीचा वाटला म्हणून आम्ही दोघं खाली थांबलो. पाळणा थांबला, ताई झोकांड्या खात उतरल्या. पडद्यावर केवढ्या मोठ्या वाटायच्या, प्रत्यक्षात माझ्या खांद्याला लागत होत्या. मी नमस्कार केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग यजमानांकडे पाहिलं आणि माझे दोन्ही हात हातात घेतले.

त्यांच्या नवऱ्यानं कुतूहलानं विचारलं, "कुठली गं ओळख?"

ताईंनी माझा हात दाबला आणि म्हणाल्या, "चांगली ओळख हाय."