राखणीची बारी

आज लॅबमध्ये कुणीतरी कागदात बांधून फणसाच्या भाजलेल्या आठळ्या आणल्या, आणि त्या वासासरशी मी गुंद गावातल्या एका अंगणात जाऊन उभा राहिलो. भात पिवळं पडायला लागलं होतं. गवे शेतात उतरले की घरी कळावं म्हणून मी बांधाबांधावर सेन्सरचे डबे लावले होते. लांबचा डबा शेजारच्याला निरोप द्यायचा, तो पुढच्याला, आणि सगळे निरोप शेवटी अंगणाजवळच्या डब्यातून घरातल्या यंत्रात यायचे. नेमका तोच डबा चार दिवसांत मान टाकायचा. बॅटरीवाल्याला शिव्या घालत मी तिसऱ्यांदा बॅटरी बदलत होतो, तेवढ्यात घरची अक्का चुलीतल्या गरम आठळ्या सुपात घेऊन बाहेर आली. "बाकीच्या डब्यांस्नी काय झालंय?" "काही नाही, ते ठणठणीत आहेत." "व्हय तर! समद्यांचा निरोप ह्यो एकटाच वाहतोय न्हवं? आमी राखणीला रोज एकच माणूस बसवत न्हाई बाबा. आज ह्या घराची बारी, उद्या त्या घराची. न्हाईतर राखण्या निजतोय आन् गवा भात खातोय." तोंडातली आठळी चावायची मी विसरलो. घरातल्या यंत्रापर्यंत थेट निरोप पोचेल अशा टप्प्यात आणखी तीन डबे होतेच. दुपारी प्रोग्रॅम बदलून चौघांत बारी लावली, आणि कापणी होईपर्यंत एकही बॅटरी बदलावी लागली नाही. आजही एखादा डबा बंद पडला की विद्यार्थी बॅटरी तपासायला धावतात, मी आठळी सोलत एवढंच विचारतो, "काल राखणीला कोण होतं?"