पंगतीतला डावा हात

आप्पांच्या डाव्या हाताला तीनच बोटं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट छापखान्यातल्या कागद कापायच्या मशीननं नेलं, मी तिसरीत असताना. आप्पा खरं तर खिळे जुळवणारे कंपोझिटर, पण त्या दिवशी मशीनवरचा माणूस आला नव्हता म्हणून हे उभे राहिले. तेव्हापासून तो हात कायम विजारीच्या खिशात. लग्नात, फोटोत, सगळ्या समारंभांत, खिशातच. आप्पा जन्मापासून बहिरे. हातानं बोलणाऱ्या माणसानं एक हात खिशात घालून जगायचं म्हणजे काय, हे मला फार उशिरा कळलं. लहानपणी मला वाटायचं, आमचे आप्पा स्वभावानंच कमी बोलतात. आई ऐकणारी, आणि दोघांच्या वाटचं एकटी बोलणारी, त्यामुळं घरात शब्दांना काही तोटा नव्हता.

दोन हजार साल उलटून गेलं होतं तेव्हाची गोष्ट. आप्पा लहानपणी ज्या मूकबधिरांच्या शाळेत बोर्डिंगला होते, त्या शाळेनं जुन्या वस्तूंची एक खोली करायचं ठरवलं. छोटंसं संग्रहालयच म्हणा. मुख्याध्यापक सरांनी जुन्या विद्यार्थ्यांना बोलावलं, आणि आप्पांची दुभाषी म्हणून मीही गेले. सरांची यादी तयार होती. कानाची जुनी मशिनं, उच्चार शिकवायचा मोठा आरसा, ओठांच्या आकारांचे तक्ते, जिंकलेल्या ढाली, पाहुण्यांचे हार घातलेले फोटो. आप्पांनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि उजव्या हातानं एवढंच विचारलं, "ह्यात आम्ही कुठं हाय?"

सर चपापले. मग आप्पांनी सांगितलं, मी बोलत गेले. त्यांच्या वेळी शाळेत हातानं बोलायला बंदी होती. तोंडानंच बोलायचं; हात हलला की छडी. तेव्हा सगळीकडंच तसं होतं, असं सर म्हणाले, आणि ते खरंही असेल. पण पोरं ती पोरंच. जेवायला समोरासमोर दोन पंगती बसायच्या आणि मास्तर मधून फिरायचे. उजवा हात ताटात, डावा रिकामा. त्या रिकाम्या डाव्या हातानं, गुडघ्याच्या आडोशाला, उभ्या माणसाला दिसू नये पण समोर बसलेल्याला दिसावं अशा बेतानं पोरांनी एक अख्खी बोली उभी केली होती. आमटी पातळ झालीय, मास्तर तापलेत, घरची आठवण येतेय, सगळं त्यात सांगता यायचं. बाहेरच्या बहिऱ्यांनासुद्धा ती कळायची नाही.

"त्या पंगतीतली माणसं आता दोनच उरली," आप्पा म्हणाले. "एक चंदगडची, आणि एक मी. माझा हात असा." खिशातला हात त्यांनी खिशातूनच हलवून दाखवला. "त्या खुणा त्या खोलीत नसतील, तर ती खोली माझी न्हाय."

सर माणूस चांगला. म्हणाले, टीव्ही ठेवू, सीडी लावू. शूटिंग तेवढं तुम्ही करून आणा. झालं, मी कामाला लागले.

चंदगडची म्हणजे काकू; नात्यातली नव्हे, आप्पांची शाळासोबतीण. आप्पांपेक्षा दोन वर्षांनी लहान. हनुवटीवर गोंदण, म्हणून हनुवटीला बोट लावलं की ते तिचं नाव. निरोप गेल्यावर बाई साडेचार तास एसटीत बसून, नवं लुगडं नेसून शाळेत हजर. शूटिंगवाला गडमुडशिंगीचा, लग्नाच्या सुपाऱ्या घेणारा. त्यानं मागं गुलाबी पडदा लावला, पुढं खुर्ची ठेवली, लाईट सोडले. मी त्याला बजावलं, "दादा, काकूंचा चेहरा नीट आला पाहिजे बरं का."

"ताई, टेन्शनच घेऊ नका की. नवरीगत आणतो बघा."

काकू खुर्चीवर अवघडून बसल्या. हात सारखा अडखळत होता. तरी तासभर त्यांनी आठवेल तेवढं सांगितलं आणि दुपारच्या गाडीनं परत गेल्या.

तीन दिवसांनी सीडी आली. आप्पा कोरा सदरा घालून टीव्हीसमोर बसले. आधी सनई, मग उडणारे गुलाब, मग काकू. कपाळापासून गळ्यापर्यंत. काकूंच्या भुवया उडतायत, डोळे हसतायत, मान डुलतेय, आणि गळ्याखाली काहीच नाही. हात नाहीत. तासभर नुसतं तोंड!

"किती गोड दिसत्यात बाई!" आई म्हणाली.

आप्पा दहा मिनिटं बघत राहिले. मग उठून टीव्ही बंद केला आणि माझ्याकडं वळले. "बोलणं टाकलंस, तोंड तेवढं ठेवलंस," म्हणाले, आणि आत गेले.

माझं डोकं असं भडकलं म्हणता! मी आप्पांवरच गेलीय, तापायला वेळ लागत नाही. तशीच तडक शूटिंगवाल्याच्या दुकानात गेले आणि चार लोकांसमोर त्याला वाट्टेल ते बोलले. तो गरीब बिचारा ऐकून घेत होता. मी दम खायला थांबल्यावर म्हणाला, "पर ताई, तुम्हीच म्हणलासा की, चेहरा नीट आला पाहिजे म्हणून."

त्याचं बरोबर होतं. त्याला त्या बोलीतलं ओ की ठो माहीत नव्हतं, पण मला होतं. तीस वर्षं बहिऱ्या बापाची लेक म्हणून मिरवले, आणि वेळ आली तेव्हा बोलणं शोधायला गेले ते तोंडावर. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही. दुकानाच्या पायरीवर बसून मी रडले.

दोन दिवस आप्पांनी माझ्याकडं बघितलं नाही. ऐकणारा माणूस रुसला तर त्याला हाक तरी मारता येते. बहिऱ्यानं नजर फिरवली की संपलं. तिसऱ्या दिवशी ते चहा पीत असताना मी जाऊन त्यांच्या नजरेच्या वाटेत उभीच राहिले. "चंदगडला जायचं. उद्या सकाळची गाडी. उठा." त्यांनी बशी खाली ठेवली आणि मान हलवली. शूटिंगवाल्याला विचारायला गेले तर तो आधीच तयार. "येतो की. मलाबी झोप न्हाय लागली बघा त्या दिवसापास्नं."

चंदगडला पावसाची झड लागलेली, आणि वीज गेलेली. काकूंनी दारात आप्पांना बघितलं आणि सगळं सांगायच्या आधीच त्यांना काय झालं ते कळलं. इतक्या हसल्या की सुनेला पाठीवरून हात फिरवावा लागला. शूटिंगवाल्यानं खुर्ची मांडली. काकूंनी ती पायानं सरकवली. "खुर्चीवर माझा हात मुका होतो," म्हणाल्या. सुनेला हाक नाही, खूण केली; पाट मांडले गेले, समोरासमोर. गरम भात, आमटी, भिजवलेल्या काजूची उसळ.

"आता म्या कुठं बसू?" शूटिंगवाला गोंधळला. मग उजेडासाठी उंबऱ्यापाशी सरळ पोटावर झोपला, कॅमेरा जमिनीला टेकवून. "लग्नात असं कोण झोपाय देत न्हाय," म्हणाला.

आणि काकूंचा हात सुटला. उजवा हात भात कालवतोय, तोंड घास चघळतंय, चेहरा अगदी साळसूद, आणि खाली गुडघ्याशी डावा हात धावतोय. आप्पांना हसू आवरेना. ते उत्तर द्यायला भातानं भरलेला उजवा हात उचलायला गेले, तर काकूंनी डोळे वटारले. मास्तर आले, अशी खूण. उजवा हात ताटातच पाहिजे! आप्पांनी हात परत ताटात नेला. डावा हात सदऱ्याखाली दडवलेला.

काकूंनी खालून विचारलं, "पहिल्या दिवशी तू मला काय म्हणालास? ते म्हण."

मला ती गोष्ट माहीत होती. सहा वर्षांची काकू बोर्डिंगात आली, पहिल्या पंगतीला रडत बसली, जेवेना. समोरच्या आठ वर्षांच्या आप्पांनी गुडघ्याशी तळहात उताणा करून पाचही बोटं तिच्याकडं उघडली होती. माझ्यातलं घे.

आप्पांनी ताटातला भात एका कडेला सारला. मग त्यांनी सदऱ्याखालून हात काढला, गुडघ्याशी आणला, आणि उघडला. अंगठा आणि दोन बोटं. तो हात मी कित्येक वर्षांनी उजेडात बघत होते. काकूंना कळायला पळभरही वेळ लागला नाही. पुढं वाकून त्यांनी आप्पांच्या ताटातला काजू उचलला आणि तोंडात टाकला.

"आलं, ताई," जमिनीवरून शूटिंगवाला कुजबुजला. "सगळं आलं."

उद्घाटनाला सीडी लागली तेव्हा पाहुणे दोनदा म्हणाले, "जरा आवाज वाढवा." शिपाई रिमोट घेऊन धावला, सरांचे कान लाल झाले, आणि मी ते खुणेनं सांगितल्यावर आप्पा हसून हसून भिंतीला टेकले.

पण मला सांगायचंय ते पुढचं. महिन्याभरानं आप्पांना घेऊन मी पुन्हा शाळेत गेले. मुलांच्या जेवणाची वेळ. सर म्हणाले, पोरं रोज सीडी लावायला लावतात. जेवणघरात दोन पंगती बसलेल्या, आणि टोकाला एक नवी आलेली मुलगी मुसमुसत, ताटाला हात न लावता. तिच्या समोरच्या मुलीनं डावा हात गुडघ्याशी आणून उघडला. अंगठा आणि दोन बोटं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तिनं तळहाताशी घट्ट मुडपून धरलेलं, जमत नव्हतं तरी. मी पंगतीवरून नजर फिरवली. सगळ्यांची बोटं तशीच मुडपलेली. सीडीत ती खूण आप्पांनी एकट्यानंच केली होती, आणि पोरांनी ती जशी दिसली तशी उचलली होती.

"आप्पा, चुकीचं शिकल्यात ही," मी पुढं झाले. "मी सांगते, पाच बोटं..."

आप्पांनी माझं मनगट धरलं. डाव्या हातानं. डोळे भरलेले, आणि चेहऱ्यावर असं समाधान की मी ते कधी बघितलं नव्हतं. "बरोबर शिकल्यात," म्हणाले.

मग ते पंगतीच्या टोकाला मांडी घालून बसले, हात गुडघ्याशी ठेवला, आणि समोरच्या पोरीकडं त्यांनी थोडा भात मागितला.