कमाई नको

ग्वाल्हेरच्या जयेंद्रगंजात थ्री-डी प्रिंटरवर प्लास्टिकच्या वस्तू बनवून देणारे एक गृहस्थ होते. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. कारखान्यात माझ्या नवऱ्याच्या उजव्या हाताची बोटं गेली, तेव्हा इंटरनेटवर मोफत मिळालेलं कृत्रिम पंज्याचं डिझाइन घेऊन मी त्यांच्याकडे गेले.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून डिझाइनसोबतच्या अटी वाचल्या. "वहिनी, इथे साफ लिहिलंय, या डिझाइनवर कमाई करायची नाही. माझी मजुरी कमाईत धरायची का, ते डिझाइन करणाऱ्याला विचारतो."

"ग्वाल्हेरात कोण बघायला येतंय?" मी चिडले. डाव्या हाताने जेवायची लाज वाटून नवरा घरात एकटाच जेवत होता.

"त्याने आपल्याला न बघताच विश्वास टाकलाय," ते हळूच म्हणाले.

आठ दिवसांनी उत्तर आलं. खर्च घ्या, नफा नको. त्यांनी फक्त प्लास्टिकचे पैसे घेतले. टोचू नये म्हणून प्रत्येक कड कानशीने घासून ते स्वतःच्या गालावर फिरवून बघत. मजुरी घ्या म्हणून मी खूप विनवलं, पण त्यांनी ऐकलं नाही.

पंजा बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी नवरा आमच्यासोबत जेवायला बसला. पंज्यात धरलेल्या चमच्यातून वरण सांडत होतं. त्याने आणखी भात मागितला.